बिनपाट्यांचं चित्र

११ मार्च १९२९

परत आलं. माझं चित्र, माझा नवा मूकपट, रोमहून परत आलं— डब्याला दोरी दुसऱ्याच कुणाची, झाकण वाकडं, आणि वर सेन्सॉरचा एक कागद. परवानगी नाही!

तीन आक्षेप. पहिला, पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या पाट्या बोलीभाषेत आहेत, त्या शुद्ध इटालियनमध्ये करा. दुसरा, गल्लीत वाळत घातलेले कपडे फार दिसतात, त्यानं देशाची अब्रू जाते. तिसरा, शेवट. आईनं अपराध्याला उठवून छातीशी धरावं, म्हणजे प्रेक्षकांवर चांगले संस्कार होतील.

कपडे वाळत घालायचे नाहीत तर काय नेपल्सनं ओले घालून फिरायचं?

ओनोफ्रिओ म्हणाला, "एरमिनिया, आधी कॉफी घे." नवरा म्हणून आणि कॅमेरावाला म्हणून त्याचं हे एकच औषध. घेतली. राग होता तिथेच राहिला.

१२ मार्च

बदलणार नाही. एक फूटसुद्धा नाही.

१३ मार्च

सकाळपासून भांडण. ओनोफ्रिओचं म्हणणं, थोडं कापलं तर कुणी मरत नाही. मी म्हटलं, तुझी करंगळी कापू का, तूही मरणार नाहीस. तो हसला, मग मीही हसले, मग पुन्हा भांडलो.

त्याचंही खोटं नाही. चिचिल्लोनं त्याचा हॉल आम्हाला ईस्टरनंतर दिलाय, आणि परवान्याशिवाय तो दारही उघडणार नाही. पुढे तो हॉल कुणाला देईल सांगता येत नाही. सगळीकडे बोलपटाच्या गोष्टी चालल्यात. अमेरिकेत म्हणे नट पडद्यावर गातात आणि ते ऐकू येतं. मला आणखी एखादं चित्र काढायला मिळेल असं आता वाटत नाही. हे शेवटचं असेल, तर ते माझंच राहिलं पाहिजे. रोमच्या कुणा साहेबाचं नाही.

आणि काय वाईट आहे त्यात? एक धोबीण. तिचा मुलगा श्रीमंत मित्राचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो. दर शनिवारी ती त्याचा शर्ट धुऊन दोरीवर घालते— तो घरात नसताना. शेवटी तो मित्र येतो, तिच्या दारात गुडघे टेकतो. धोबीण त्याच्याकडे बघते आणि पाटी येते: "ऊठ. फरशी आत्ताच पुसलीय."

संपलं. एवढंच. ना मिठी, ना चर्च. हे वाक्य सुचायला मला अख्खा हिवाळा लागला होता. ते काढून मिठी घालू?

लिबेराता शर्ट रंगवत बसली होती. सगळं चित्र काळंपांढरं, फक्त दोरीवरचा तो शर्ट पिवळा— लिंबाच्या सालीसारखा. एकेक चौकट भिंगाखाली धरून, मांजराच्या मिशीएवढ्या कुंचल्यानं. पोरीचे डोळे जातील एक दिवस. मान वर न करता म्हणाली, "आई, त्यांचा राग कपड्यांवर नाही. त्यांना फक्त एकाच रंगाचा शर्ट आवडतो."

खाली काळे शर्टवाले फिरत असतात; मी खिडकी लावून घेतली. पण हसले पोटभर.

१६ मार्च

सुचलं!

खाली रफीलिनामावशीच्या कढईपाशी उभी होते. तिचा तळलेला पिझ्झा घेतल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी कामाला जात नाही. एक गोदीवाला गिऱ्हाईक पिझ्झा हातात घेऊन तिला डोळे मारत होता. मावशी झारा न थांबवता म्हणाली, "खाऊन जा हो, पण चमचा ठेवून जा."

सगळी रांग हसली. तिच्याकडे चमचा असतोच कुठे?

वाक्य माझं आहे. माझ्या चित्रातलं. श्रीमंत मित्र पहिल्यांदा धोबिणीकडे जेवायला येतो तेव्हा ती त्याला हेच म्हणते. चित्र अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि गल्लीला पाठ! कारण आम्ही चित्र काढलं ह्याच गल्लीत. धोबीण झालेली तिल्दे आणि बाकीचे नट वाक्यं मोठ्यानं म्हणत होते, मी ती पुन्हा पुन्हा म्हणून घेत होते, आणि बाल्कन्यांतून अख्खा मोहल्ला कोपरं टेकून बघत होता. तिल्दे चुकली की वरून दुरुस्त करायचे!

जिने चढून वर आले तेव्हा धाप लागली होती. ओनोफ्रिओला म्हटलं, "कात्री दे. सगळ्या पाट्या काढायच्या."

"शुद्ध भाषेत नव्या करायच्या?"

"नव्या नाहीत. एकही नाही."

 तो उठून कात्री घ्यायला गेला. हा माणूस मला का आवडतो ते मी कधीकधी विसरते.

१७ मार्च

काल जे सुचलं ते खरं तर मला आधीपासून ठाऊक होतं. आमची माणसं हॉलमध्ये गप्प बसतच नाहीत. खलनायकाला शिव्या घालतात, नवरीला सल्ले देतात, मेलेल्याला ऊठ म्हणतात. चिचिल्लोच्या हॉलमध्ये आजवर कुणी कुणाला गप्प बस म्हटलेलं नाही. इतर लोक ह्यावर नाक मुरडतात. मी वीसेक वर्षं त्यांच्या बोलण्यासाठी जागा सोडत आलेय. प्रसंग संपला तरी ओनोफ्रिओला म्हणते, फिरव, हँडल फिरवत राहा, मावशीचं बोलणं होऊ दे. मिलानच्या एका दिग्दर्शकानं मला हसून विचारलं होतं, बाई, तुमच्या चित्रात मध्येमध्ये काहीच का घडत नाही? मी म्हटलं, घडतं, पण ते पडद्याच्या ह्या बाजूला. त्याला वाटलं मी उद्धट आहे. आहेच.

१८ मार्च

एक गोष्ट राहिली. मोठी आहे.

शेवटचा प्रसंग गल्लीत काढलेला नाही. तिल्देनं हट्ट धरला होता की सगळ्यांसमोर जमणार नाही, म्हणून मागच्या बंद अंगणात काढला. आम्ही चौघं तेवढे होतो. फरशीचं वाक्य गल्लीनं ऐकलेलंच नाही! त्यात तिल्देची कॅमेऱ्याकडे पाठ. ओनोफ्रिओनं तेव्हा डोकं धरलं होतं: चित्रातलं सगळ्यात मोठं वाक्य, आणि नटीचं तोंड दिसत नाही? पण मला ती पाठच हवी होती. आयुष्यभर टबावर वाकलेली पाठ. तोंड कुणीही रडवेलं करतं.

म्हणजे पाटी नाही, ओठही दिसत नाहीत. तिथे लोक काय म्हणतील?

तिल्दे आली होती. ऐकून पेटली. "मी तीन महिने हात सोड्यात बुडवले, बाई! कातडी निघाली. आणि आता मी काय बोलले तेच कुणाला कळणार नाही?"

लिबेराताचं म्हणणं, गॅलरीत दोघातिघांना आधीच वाक्य शिकवून बसवू. नको म्हटलं. उसनी तोंडं मला नकोत. हे चित्र ज्यांचं आहे त्यांना बोलायचं असलं तर बोलतील.

मोठ्या तोऱ्यात म्हटलं. खात्री मात्र नव्हती.

४ एप्रिल

रोमचे साहेब स्वतः आले. सकाळी चिचिल्लोच्या हॉलमध्ये चित्र दाखवलं. रिकामा हॉल. साहेब, त्यांचा कारकून, आणि मागे आम्ही. पियानोसुद्धा नाही.

किती भयंकर ते! रिकाम्या हॉलमध्ये माझं चित्र खरंच मुकं असतं. मी सोडलेली एकेक जागा खड्ड्यासारखी दिसत होती. क्षणभर वाटलं, मिलानचा तो मनुष्य बरोबर होता.

साहेब सभ्य आहेत. मिशी मऊ, आवाज मऊ. म्हणाले, "बाई, पाट्या काढल्यात हे उत्तम. पण लोकांना कळणार काय?"

"आमची माणसं अडाणी आहेत साहेब. तशीही वाचत नाहीत."

"हं. आणि हे कपडे?"

"धुतलेले आहेत. देश स्वच्छ आहे हे दिसायला नको?"

त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं काहीतरी लिहिलं. मग शेवटचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. मित्र गुडघे टेकतो. तिल्देची पाठ. तो उठतो.

"इथे ती काय म्हणते?"

माझ्या जिभेवर फरशी आली होती. ओनोफ्रिओ माझ्या आधी बोलला, चर्चमध्ये बोलतात तसा. "क्षमा करते, साहेब. आई आहे. दुसरं काय म्हणणार?"

साहेबांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, मूकपट म्हणजे मुका असतो.

५ एप्रिल

परवाना मिळाला. ओनोफ्रिओला त्या खोट्याबद्दल रविवारी पाद्रीबाबांसमोर कबुली द्यायचीय. मी म्हटलं, माझंही नाव घाल.

२० एप्रिल

 काल पहिला खेळ झाला.

हॉल भरून वाहत होता. आमची गल्ली, शेजारची गल्ली, गोदीवाले, तिल्देच्या माहेरचे सगळे. खाऊन टाकलेल्या बियांच्या सालींचा पायाखाली चिखल. रफीलिनामावशी गॅलरीत पहिल्या बाकावर, तिच्या अंगाचा तेलाचा वास खालपर्यंत. साहेबांचा कारकूनही आला होता, कडेच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर.

दिवे गेले. धोबीण दिसली. श्रीमंत मित्र टेबलाशी बसला आणि मी सोडलेली पहिली जागा आली. मी डोळे मिटून घेतले.

"खाऊन जा हो, पण चमचा ठेवून जा!" एक बाई नाही, वीस नाही, सगळी गॅलरी. वर खदखदून हसणं. पियानोवाला वाजवायचा थांबला बिचारा. मग पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं. बायका धोबिणीचं बोलत होत्या, पोरी तिच्या शेजारणीचं, कुणी ठरवून दिलं नव्हतं. कोर्टाचा प्रसंग आला. मुलगा न्यायाधीशासमोर उभा राहिला आणि हॉलमधले सगळे पुरुष, म्हातारे, गोदीवाले, खालच्या आवाजात म्हणाले, "मीच केलं. लिहा."

 तोच नट, तेच पुठ्ठ्याचं कोर्ट, पण आता आरोपी अख्खा मोहल्ला होता. कारकुनानं टोपी घट्ट धरली होती. तो कुणाकुणाचं नाव लिहिणार?

आणि मग शेवट.

मित्र दारात आला. गुडघे टेकले. तिल्देची पाठ. वर दोरीवर पिवळा शर्ट. हॉल गप्प झाला. कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ओनोफ्रिओला भरपूर फिरवायला लावलं होतं, आता ती जागा संपता संपेना. कुणीतरी खोकलं. कुणाचं तरी बाळ कुरकुरलं. मला वाटलं आता आपणच उठून ओरडावं, फरशी! फरशी पुसलीय रे! तिल्दे माझ्या शेजारी होती, तिनं नखं माझ्या दंडात रुतवली.

तेव्हा वरून मावशी बोलली. मोठ्यानं नाही. कढईपाशी बोलते तशी.

"ऊठ. शर्ट वाळलाय. तूच नेऊन दे त्याला."

आणि पडद्यावर तो उठला. उठताना त्यानं वर पाहिलं, दोरीकडे. मी त्या नटाला फक्त एवढंच सांगितलं होतं की तिची नजर चुकव, लाज वाटतेय तुला. तो नजर चुकवत नव्हता. तो शर्टाकडे बघत होता. मी हे चित्र शंभरदा पाहिलंय आणि मला ते दिसलं नव्हतं!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका रडत होत्या, पुरुष नाक शिंकरत होते. कारकून उठला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याचे डोळे लाल होते. मी पाहिले.

२१ एप्रिल

माझं वाक्य चांगलं होतं.

२२ एप्रिल

चांगलं होतं, पण तिचं त्याहून चांगलं आहे. झालं, लिहिलं एकदाचं. दोन दिवस जेवणावर राग काढला, ओनोफ्रिओशी बोलले नाही. माझा नकार होता— जा, माझी फरशी घाण करू नकोस. मावशीनं त्याला हाकललं नाही आणि जवळही घेतलं नाही. कामाला लावलं! आता त्याला तुरुंगाच्या दारात तो शर्ट हातात घेऊन उभं राहावं लागेल. रोमची क्षमा नाही, माझा तोरा नाही. एका धोबिणीला जे सुचलं असतं तेच.

तिल्दे विचारायला आली, "लोकांनी विचारलं तर मी नक्की काय बोलले म्हणून सांगू?"

म्हटलं, मावशीला विचार.

९ मे

रोज खेळ भरलेला. मावशी रोज येते. तिचं वाक्य आलं की हॉल थांबतो, मग सोडून देतो श्वास.

आज दुपारी दोघं पोलीस आले, मागे एक काळ्या शर्टातला तरुण. चिचिल्लोला विचारलं, ही वाक्यं लिहिली कुणी? चिचिल्लो म्हणाला, "कुठे लिहिलीत? पडद्यावर दाखवा." मग मावशीच्या कढईपाशी गेले. तिला कुणी शिकवलं? मी वरून खिडकीतून ऐकत होते. मावशी म्हणाली, "मला कोण शिकवणार, बाबा? लिहिलेलं असतं तरी मला वाचता येत नाही. बघितलं, म्हटलं. तुम्हाला काही वेगळं सुचत असेल तर तुम्ही म्हणा की, हॉल सगळ्यांचा आहे."

त्यांनी पिझ्झे खाल्ले आणि गेले. तिनं त्यांनाही सांगितलं, चमचा ठेवून जा.

३ नोव्हेंबर १९३०

खूप दिवसांनी वही उघडली. काम नाही. नवी गोष्ट लिहून झालीय, तीत शेवटी पाठ नाही, काहीच नाही, फक्त उघडं दार. कुणी पैसा लावायला तयार नाही. लिबेरातानं टोप्यांच्या कारखान्यात फुलं रंगवायचं काम धरलं.

चिचिल्लो आला होता. हॉलमध्ये कर्णे बसवतोय, बोलपटासाठी. संकोचून म्हणाला, एक माणूस जुनी चित्रं किलोवर घेतो, वितळवून कंगवे करतो, तुमच्याकडे डबे बरेच पडलेत. ओनोफ्रिओनं त्याला दार दाखवलं. माझ्या नवऱ्यानं! कॉफीसुद्धा विचारली नाही!

मी मात्र चिचिल्लोवर रागावले नाही. जिन्यात गाठून त्याला म्हटलं, बसव तुझे कर्णे. तुझ्या यंत्राला काय बोलायचंय ते बोलू दे. माझी माणसं त्याच्या वरताण बोलतील. रोम त्यांना गप्प करू शकलं नाही, पोलीस करू शकले नाहीत, भोंगा काय करणार? जोवर गॅलरीत रफीलिनामावशी बसलीय तोवर नेपल्समधलं एकही चित्र दुसऱ्या कुणाचं होणार नाही. माझे डबे जळाले, वितळले, कंगवे होऊन बायकांच्या केसांत गेले तरी हे राहील. मी त्यांना बोलायला जागा दिलीय. ती कुणी परत घेऊ शकत नाही.

चिचिल्लो म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं, दोन्ना एरमिनिया."

१८ जानेवारी १९३१

पहिला बोलपट पाहिला. मुद्दाम वर गॅलरीत गेले, मावशीच्या शेजारी. पडद्यावर एक आई, तिच्यापुढे मुलगा, मान खाली. ती शुद्ध इटालियनमध्ये बोलत होती, स्वच्छ, एकेक अक्षर. मग क्षणभर थांबली. मी वाट पाहिली. मावशी पुढे झुकून बसली होती, तोंड किंचित उघडं. बोलली नाही. कुणीच बोललं नाही. म्हणून मी बोलले, मोठ्यानं.

मावशीनं पडद्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"शू," ती म्हणाली. "बोलतायत ना ते."